हातांची यादी

शनिवार, ११ जानेवारी

सहलीची यादी लागली. गौतमीचं नाव माझ्याखाली नाही.

चष्मा पुसून परत वाचलं. नाहीच.

सहा वर्षं हा कागद बघतेय. कुंदा तो जेवणघराच्या दाराशी चिकटवते. कुंदा म्हणजे बालगृहाची अधीक्षिका, माझ्याहून वीस वर्षांनी लहान आणि मला दटावू शकणारी परळमधली एकमेव बाई. कागदावर वर आम्हा स्वयंसेविकांची नावं, बाजूला सुतळीला बांधलेली पेन्सिल. सहलीत जिचा हात धरायचा असेल तिच्या नावाखाली मुलीने आपलं नाव लिहायचं. एकीला चार मुली, जास्त नाही. मुली त्याला 'हातांची यादी' म्हणतात. पहिल्या वर्षी गौतमी पाच वर्षांची होती, लिहिता येत नव्हतं, तर तिने माझ्या नावाखाली छत्री काढली होती. माझ्याकडे तेव्हा लाल छत्री होती. तेव्हापासून दर सहलीला पहिली ओळ तिची.

या वेळी ती नंदाखाली. तिथेही पहिलीच. अक्षर सुरेख. ते मीच गिरवून घेतलंय.

माझ्याखाली तीन नावं, तिन्ही कुंदाच्या अक्षरात. नुकत्याच आलेल्या चिमुरड्या. मी कोण, हे त्यांना अजून माहीत नाही.

"ठिकाणही बदललं वाटतं," कुंदाला म्हटलं.

"मुलींनी मतदान केलं बाई. दर वर्षी बागेतला म्हातारीचा बूट बघून कंटाळल्यात. नंदाताईंच्या कोळीवाड्यात होड्या बघायच्यात म्हणे."

मतदान झालंय म्हटल्यावर मी काय बोलणार. लोकशाहीवर या तोंडाने किती भाषणं केलीत.

लालबागपर्यंत चालत आले. मग बस.

रविवार, १२ जानेवारी

नंदाबद्दल एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

ऑक्टोबरात आली. सासूच्या वर्षश्राद्धाचं जेवण मुलींना द्यायला. लालबागच्या बाजारात मासळी विकते. चाळिशी ओलांडलेली, ठेंगणी, बोलणं कमी. जेवण देणाऱ्यांपुढे मुलींना रांगेत उभं करून 'धन्यवाद' म्हणायला लावायचं नाही, हा नियम मी विश्वस्तांशी दोन वर्षं भांडून आणला होता. त्यामुळे धन्यवाद कोणी म्हटलं नाही, आणि नंदाचं त्याकडे लक्षही नव्हतं. ती मुलींच्या डोक्यांकडे बघत होती. पुढच्या गुरुवारी बारीक दातांची फणी आणि खोबरेलाची बाटली घेऊन हजर. गुरुवारी मासे घ्यायला फारसं कोणी येत नाही, म्हणून तिचा गुरुवार मोकळा. तेव्हापासून दर गुरुवारी.

करते काय? उवा काढते. बस.

मी सहा वर्षं या मुलींना उभं राहायला शिकवलं. पाठ ताठ, नजर तिसऱ्या रांगेवर, प्रश्न विचारला की मनात तीन आकडे मोजायचे आणि मग पुढचं वाक्य. नंदा त्यांना मांडी घालून बसवते आणि मान खाली घालायला लावते. आणि मुली तिच्याकडे धावतात.

लिहिलं. डोक्यातून गेलं नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

आज काही कारण नसताना गेले. कारण तयार ठेवलं होतं, ग्रंथालयाचं पुस्तक गौतमीकडे राहिलंय. तिने ते मागच्याच शनिवारी परत दिलंय.

दाराबाहेरच्या नळावर नंदा हात धूत होती. पिशवीतून अर्धं लिंबू काढलं, तळवे चोळले, बोटांच्या बेचक्या चोळल्या, नखांखाली रगडलं. मग हात नाकाशी नेऊन हुंगले. परत चोळले. मी जिन्यावर उभी होते. तिने मला पाहिलं नाही.

मग व्हरांड्यात बसली. गौतमीचं डोकं तिच्या गुडघ्यावर. डोळे मिटलेले.

"गो, तुझ्या डोक्यात आता ऊ नाय. लीख पन नाय. उगाच बसतंस."

"बसू दे ना मावशी."

"बस."

एवढंच. सहा वर्षांत माझ्यासमोर तिने डोळे मिटलेले आठवत नाहीत. मीच सांगितलं होतं ना, समोरच्याच्या नजरेला नजर द्यायची.

पुस्तकाचा विषय न काढता परतले.

शनिवार, १८ जानेवारी

सहल झाली. पाय दुखतायत, बाकीही बरंच काही.

माझ्या तिघी बसमधून उतरल्यापासून रडत होत्या. एकीला कडेवर घेतलं. एकसष्टाव्या वर्षी. पुढे नंदा, तिच्या एका हातात गौतमी, दुसऱ्या हातात दोघी, चौथी पदराला धरून. गौतमी मागे वळून मला हसली. हसली म्हणून जास्त लागलं. दुर्लक्ष केलं असतं तर रागावता आलं असतं.

धक्क्यावर नंदाचा नवरा काशिनाथ जाळं विणत बसला होता. मुलींना गाठ कशी मारतात ते दाखवलं. गौतमीला तिसऱ्या खेपेला जमली. "हिचा हात बसला," म्हणाला बायकोला. दोघांनी एकमेकांकडे जे पाहिलं ते मी पाहिलं, पण अर्थ लागला नाही.

जेवण नंदाच्या घरी. कुंदाने रीतसर परवानगी काढली होती. बोंबलाचं कालवण, भात, कोलंबीची भजी.

"बाई, तुमाना बोंबील चालतान ना?"

"माझे आजोबा कचेरीत जायच्या आधी मासळीबाजारात जायचे, रोज," म्हटलं. उगाच आजोबा काढले. नंदा नुसती हसली आणि आणखी दोन तुकडे वाढले. कालवण इतकं चांगलं होतं की त्याचाही राग आला.

माळ्यावर एक नवी कोरी गादी, प्लॅस्टिकसकट. दोन मुलगे कामाला लागलेले, मोठे. म्हटलं, लग्नाची तयारी असेल.

गौतमीला तिथली मोरी कुठे, मीठ कुठल्या डब्यात, सगळं माहीत होतं. "हे कसं गं माहीत?" विचारलं. म्हणाली, "मावशीने सांगितलंय. मी गुरुवारी विचारत असते."

शनिवार, २५ जानेवारी

वक्तृत्वाचा तास. गौतमी आली, नीट बोलली, चूक सुधारली की "हो बाई" म्हणाली. तास संपल्यावर मी मुद्दाम विचारलं, "पुढच्या गुरुवारी मी पण येऊ का?" म्हणाली, "या ना. पण तुमचे केस छोटेत."

आज एक जुनी गोष्ट वर आली. लिहिणारच नव्हते.

गौतमी सहा वर्षांची असताना कुंदाने मला ऑफिसात बसवून विचारलं होतं. गौतमीची आई आहे, पण सांभाळण्याच्या अवस्थेत नाही, बाकी कोणी नाही. "मे महिन्यात पंधरा दिवस न्याल का घरी? बालकल्याण समितीकडून परवानगी मी काढते." मे महिन्यात माझा व्याख्यानांचा दौरा होता. घरी दोन खोल्या, दोन्हीत पुस्तकं. हे साधं सांगता आलं असतं. त्याऐवजी मी कुंदाला वीस मिनिटं भाषण दिलं. मुलं कोणाची खासगी नसतात, समाजाची असतात, एका मुलीला घरी नेलं तर उरलेल्या चाळीस जणींना काय सांगायचं. कुंदा ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बाई, नुसतं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं."

आधी मला विचारलं होतं. नंदा यायच्या पाच वर्षं आधी.

शनिवार, १ फेब्रुवारी

स्वयंसेविकांची बैठक. मी ठराव मांडला आणि मंजूर करून घेतला.

ठराव असा: एकच स्वयंसेविका एकाच मुलीशी जोडली जाऊ नये. दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून गट बदलायचे. स्वयंसेविकेच्या घरी मुलींना न्यायचं नाही. हातांची यादी बंद.

चांगली बोलले. खरंच चांगली. आपण येतो, लळा लावतो, एक दिवस येईनासे होतो, आणि त्या मुलीला दुसऱ्यांदा टाकून जातो. हे मी सहा वर्षांत चार वेळा पाहिलंय, बनावट काही नव्हतं. शेवटी म्हणाले, "एका मुलीला एक हात नको. प्रत्येक मुलीला सगळ्यांचे हात." टाळ्या. कुंदाने वाजवल्या नाहीत, पण ती इतिवृत्त लिहीत होती.

मतदानाआधी सुलभा बोलली. सुलभा दादरची, आमच्यातलीच, रंगकाम शिकवते. "आणि स्वच्छतेचंही बघायला हवं ना. गुरुवारी मुलींच्या केसांना वास येतो."

सुलभाने कोणाचं नाव घेतलं नाही.

या विषयावर मी किती व्यासपीठांवरून बोललेय. वासावरून माणूस ओळखणाऱ्यांना मी नावं घेऊन झोडपलंय. अर्ध्या लिंबाबद्दल त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. एक वाक्य पुरलं असतं.

मी पाणी प्यायले.

नंदा दाराजवळच्या खुर्चीत होती. हात पदराखाली घेतले. एवढंच केलं.

निघताना जिन्यात माझ्याजवळ आली. "बाई, तुमी बोल्लाव जाम चांगला. मना समदा नाय समजला. पन टाली वाजवली."

शनिवार, ८ फेब्रुवारी

चिठ्ठ्यांप्रमाणे पहिला शनिवार. मला पहिली-दुसरीच्या मुलींचा गृहपाठ. नंदाच्या चिठ्ठीत धान्य निवडणं आलं, मुलींशी संबंधच नाही. गौतमी सुलभाच्या गटात, फुलदाणी रंगवत होती.

म्हणजे ती मलाही मिळाली नाही. याचा विचार मी केला नव्हता. नाही, केला होता. मला मिळाली नाही तरी चालेल, असा केला होता.

गौतमीने लांबून हात केला. ब्रश धरलेला हात.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

कुंदाचा सकाळी फोन. "बाई, येऊन जा. फोनवर नको."

ऑफिसात एक फाइल पुढे सरकवली. नंदा आणि काशिनाथचा अर्ज. डिसेंबरात केलेला. गौतमीला फोस्टर म्हणून घरी ठेवून घेण्यासाठी. दत्तक नव्हे, तिची आई आहे म्हणून. पण अठराव्या वर्षापर्यंत त्यांच्या घरी राहायचं, शाळा, आजारपण, सगळं त्यांच्याकडे. निर्णय समितीचा.

गादी.

"हे बैठकीच्या आधी का नाही सांगितलंस?"

"सांगायची परवानगी नसते बाई. मुलीची आशा वाढते. नंदाताईंनीच कोणाला सांगू नका म्हटलं होतं." मग फाइल मिटत, "आणि तुम्ही ठराव मांडणार हे मला तरी कुठे माहीत होतं. आधी विचारलं असतंत तर."

"मी तत्त्वाचं बोलले."

"हो. ऐकलं मी."

गौतमीला विचारलंय का, म्हटलं. समितीच्या बाईंनी जानेवारीतच विचारलंय. ती काय म्हणाली? कुंदा म्हणाली, "तिने विचारलं, तिथून शाळेची बस मिळते का."

माझ्या ओळखीची मुलगी. आधी व्यवहार. भावना मनात तीन मोजून झाल्यावर.

घरी येऊन काही वाचता आलं नाही. एकच वाक्य डोक्यात फिरतंय. नंदाने मागितलं. मी भाषण दिलं होतं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आज गौतमीने मला जिन्याखाली गाठलं. हातात वहीचं पान.

"बाई, पहिल्या शनिवारी बालसभा आहे ना. मला बोलायचंय. नव्या नियमाच्या विरोधात. शेवट जमत नाहीये, जरा बघता?"

नियम कोणी आणला हे मुलींना माहीत नाही. त्यांना वाटतं विश्वस्तांनी आणलाय.

तेव्हा सांगायला हवं होतं. मी पान घेतलं आणि वाचायला लागले. काय करू, चांगलं लिहिलेलं दिसलं की मला बाकी काही सुचत नाही. सुरुवात प्रश्नाने. मग उदाहरण. मग एकदम साधं वाक्य. हे कोणी शिकवलं? मी. फक्त शेवटी तिने 'म्हणून हा नियम रद्द करावा ही नम्र विनंती' लिहिलं होतं.

"नम्र विनंती काढ," म्हटलं. "विनंती केलीस की समोरच्याला नाही म्हणायला जागा मिळते. शेवटही प्रश्नाने कर. आणि उत्तर देऊ नकोस. खाली बस."

"कुठला प्रश्न?"

"तो तुझा तू शोध."

जिन्याखाली बसून तिने पेन्सिल चावली. मी शेजारी बसले. बऱ्याच दिवसांनी अशी शेजारी. अर्धा तास गेला. माझ्या ठरावाविरुद्धचं भाषण मी स्वतः तासून दिलं, आणि या महिन्यातला तोच माझा सर्वांत चांगला अर्धा तास.

शनिवार, १ मार्च

बालसभा. चाळीस मुली जमिनीवर, आम्ही मोठ्या भिंतीला खुर्च्यांवर. मोठ्यांनी मध्ये बोलायचं नाही, असा तिथला नियम आहे. हाही मीच आणलेला.

गौतमी उठली. पाठ ताठ. नजर तिसऱ्या रांगेवर. तिसऱ्या रांगेत नंदा होती, मुलींमध्ये मांडी घालून. मुली जमिनीवर असल्या की खुर्चीवर बसत नाही ती.

"नवीन नियमात म्हटलंय, प्रत्येक मुलीला सगळ्यांचे हात. सगळ्यांचे म्हणजे कोणाचे?"

तीन मोजले. मीही मोजत होते.

"मागच्या महिन्यात मला ताप आला. तेव्हा मला विचारलं, कोणाला बोलवू? मी म्हटलं, चिठ्ठीत कोण आहे?"

हे पानावर नव्हतं. तापाचं मला माहीत नव्हतं. फेब्रुवारीत मी दुसऱ्या गटात होते.

"लहान मुली रस्ता ओलांडताना घाबरतात. आपण त्यांना सांगतो, हात धर. सगळ्यांचे हात धर, असं सांगतो का?"

बसली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या गप्प बसण्याची किंमत मला कळते. चाळीस वर्षांत मला अशी शांतता तीनदा मिळाली असेल. अकरा वर्षांच्या मुलीचा हेवा वाटला, आणि अभिमान, दोन्ही एकाच जागी, छातीत डावीकडे.

मुलींनी हात वर केले. कुंदा म्हणाली, विश्वस्तांची सभा होईपर्यंत नियम थांबवते. सुलभाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

बाहेर गौतमी नंदाकडे आधी गेली. मग माझ्याकडे. "शेवट बरा झाला ना बाई?"

"शेवट उत्तम. ताप कधी आला होता?"

"गेला."

गुरुवार, ६ मार्च

नियम थांबला, पण जे व्हायचं ते होऊन गेलंय.

समितीच्या कार्यकर्त्या बाई काल बालगृहात आल्या होत्या. स्वयंसेविका मुलीला भेटली की कुंदा एका वहीत नोंद करते. तारीख, वेळ, काय केलं. अर्जाबरोबर ती वही बघतात. ऑक्टोबर ते जानेवारी, दर गुरुवारी नंदा-गौतमी. फेब्रुवारी कोरा. चार गुरुवार, एकही नोंद नाही. कार्यकर्त्या बाईंनी पेन्सिलीने शेजारी लिहिलंय, 'अर्जदाराचा उत्साह टिकला नाही?'

कुंदाने सांगितलं त्यांना, नियम होता म्हणून. त्या म्हणाल्या, नियम अर्जानंतर का आला, आणि मुलीला घरी न्यायचं नाही असं नेमकं का ठरलं? या कुटुंबाबद्दल काही तक्रार होती का? त्यावर कुंदा म्हणाली, ठराव ज्यांनी मांडला त्यांना विचारा. मग त्या म्हणाल्या, त्यांच्याकडून लेखी घ्या. मुलीला सर्वांत जास्त वर्षं ओळखणारी व्यक्ती तीच ना.

"बाई, पत्र द्या," कुंदा म्हणाली. "एकोणीस तारखेला, बुधवारी समिती बसतेय. आणि प्लीज, लेख नको. पत्र."

खाली व्हरांड्यात नंदा. पुन्हा फणी, पुन्हा रांग. मला बघून उठायला लागली. बसा म्हटलं.

"बाई, कुंदाताई बोल्ल्या तुमी लिवनार. दोन वली लिवा. आमी वाईट मानसा नाय, एवरा लिवा. बास."

तिला माहीत आहे की ठराव माझा होता. ती त्या खोलीत होती. तरी तोंडावर काही नाही. रागावली असती तर मला जमिनीवर पाय टेकता आले असते.

शनिवार, ८ मार्च

दादरला महिला दिनाचं भाषण. सभागृह भरलेलं. चाळीस मिनिटं. मध्येच म्हणाले, "सगळ्यांचे हात म्हणजे कोणाचे?" तीन मोजले. मग टाळ्याच टाळ्या.

वाक्य गौतमीचं. नाव घेतलं नाही. ओघात राहून गेलं, असं लिहिणार होते. राहून गेलं नाही. जिभेवर आलं होतं, गिळलं.

मुलगी तर जाणारच आहे. तिचं वाक्यही ठेवून घ्यायचंय मला.

मंगळवार, ११ मार्च

पत्राचा चौथा मसुदा. पहिला सहा पानी. त्यात संस्था, राज्य आणि कुटुंब यांचा इतिहास आला होता. दुसऱ्यात नंदाचं कौतुक इतकं होतं की माझाच उदोउदो वाटत होता, बघा मी किती मोठ्या मनाची. तिसरा फाडला.

अडचण एका वाक्याची आहे. 'तक्रार होती का?' याचं उत्तर नाही. मग नियम का? तत्त्व म्हणून, असं लिहिलं तर खोटं नाही. समिती मानेल. माझ्या नावाला वजन आहे. पण मग त्या वहीतले कोरे गुरुवार तसेच राहतात, आणि तत्त्वाला विरोध करणारं कुटुंब म्हणून नंदा-काशिनाथ थोडे तिरपेच दिसतात.

नियम अजूनही मला बरोबर वाटतो. निम्मा. लळा लावून निघून जाणारे आहेतच. पण मी तो त्यांच्यासाठी आणला नव्हता. जी निघून जाणार नव्हती तिच्यासाठी आणला.

आणि त्यात आणखी एक. मी खरं लिहिलं तर गौतमी जाते. दर शनिवारी ताठ उभी राहणारी, चूक सुधारली की 'हो बाई' म्हणणारी. मग शनिवारी मी कोणाकडे बघून बोलू?

खोताच्या वाडीपर्यंत चालून आले. परत आले. पाचवा मसुदा. चार ओळी. चौथी ओळ पेनाने लिहिली, म्हणजे खोडता येणार नाही.

शनिवार, १५ मार्च

काल धुळवड झाली. मुलींची डोकी हिरवी-गुलाबी. नंदा शनिवार असूनही आली होती, रंग काढायला. बादल्या, शिकेकाई, आरडाओरडा.

कुंदाने पुढच्या सहलीची यादी लावलीय. जुनी पद्धत, पेन्सिलीसकट. म्हातारीचा बूट. यंदाच्या नव्या मुलींनी पाहिला नाही म्हणे.

पत्र पर्समध्ये. कुंदाच्या ऑफिसात देणगीदार बसले होते, म्हणून बाहेर थांबले. गौतमी आली, केस ओले, खांद्यावर टॉवेल.

"बाई, मावशीचं पत्र आणलंत?"

"आणलं."

"मी वाचू?"

द्यायला नको होतं. नियमाप्रमाणे ते फक्त समितीसाठी. पण तिला चार ओळी वाचता येतात, आणि त्या तिच्याबद्दलच्या आहेत. दिलं.

बोट ठेवून वाचते अजून, सवय गेली नाही. गौतमीला मी सहा वर्षं ओळखते. नंदा यांना पाच महिने. फेब्रुवारीतल्या भेटी त्यांनी थांबवल्या नाहीत, नव्या नियमाने थांबवल्या. मग चौथी ओळ. तो नियम मी आणला, या कुटुंबाबद्दल कसलीही तक्रार नसताना, गौतमीने माझ्याऐवजी नंदा यांचा हात धरला याचा मला हेवा वाटला म्हणून.

चौथ्या ओळीवर बोट थांबलं. मागे गेलं. परत पहिल्यापासून.

तिने वर पाहिलं. नजरेला नजर. मी शिकवलेलं. मी मनात मोजायला लागले, तीनच्या पुढे गेले, सातपर्यंत.

"हे खरंय?"

"हो."

"माझं भाषण तुम्ही दुरुस्त करून दिलंत."

"हो."

"मग तेव्हा का नाही सांगितलं?"

उत्तर माझ्याकडे होतं, चांगलं रचलेलं, तीन मुद्द्यांचं. "लाज वाटली," म्हटलं.

तिने कागद घडी घातला, माझ्याच घडीवर, आणि परत दिला. टॉवेल सावरत यादीच्या दिशेने गेली. व्हरांड्यातून नंदाची हाक आली, "गौतमे, ये गो, तुझा कान अजून हिरवा हाय." "आले," ती म्हणाली, पण पावलं तिकडे वळल्याचं ऐकू आलं नाही.

कुंदाचं दार उघडलं. देणगीदार बाहेर पडले. मी आत गेले, पत्र टेबलावर ठेवलं. कुंदाने वाचलं. चष्मा काढला. "चौथी ओळ नको असेल तर आपण..."

"राहू दे."

"समिती तुम्हाला बोलावून विचारेल बाई."

"विचारू दे. तेवढं तरी मला येतं."

बाहेर आले तर जेवणघराच्या दाराशी कोणी नव्हतं. सुतळीला बांधलेली पेन्सिल भिंतीशी हलत होती. आत्ताच कोणीतरी सोडलेली.

चष्मा पर्समध्ये होता. काढला नाही. जिना उतरले.